डॉक्टरबाईंची पोपटी स्कूटर

दवाखान्यात डॉक्टरबाईंना बसलेलं मी एकोणीस वर्षांत दोनदा पाहिलं. खुर्ची होती, चांगली गादीची होती, पण तिच्यावर कायम औषध कंपन्यांच्या वह्या, एक छत्री आणि कोणीतरी आणून दिलेली वालाच्या शेंगांची पिशवी असायची. बाई पेशंट उभ्यानंच तपासायच्या. बोटं नाडीवर, नजर खिडकीतून रस्त्यावर आणि उजवा पाय सारखा फरशीवर टकटक करत असलेला. नवा पेशंट बिचकायचा. बाईंना कुठंतरी जायचंय असं त्याला वाटायचं. जायचं कुठंच नसायचं, पण स्वस्थ बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. समोरचा बोलता बोलता जरा रेंगाळला की म्हणायच्या, "हं, पुढं?" माझी बायको म्हणायची, या बाईंना झोपेत तरी निवांतपणा मिळतो का ते त्यांच्या यजमानांना विचारलं पाहिजे.

माझं औषधांचं दुकान त्यांच्या दवाखान्याला चिकटून होतं, अजूनही आहे. कार्ला फाट्यावर जुन्या हायवेला तोंड करून दोन गाळे, एकात बाई आणि एकात मी. मागच्या खोल्यांत माझा संसार. बाई मूळच्या पुण्याच्या, यजमान रेल्वेत होते म्हणून इकडे आल्या आणि इकडच्याच झाल्या. गाळा घ्यायला आल्या त्या दिवशी त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "दुकान किती वाजता उघडता?" मी म्हटलं, दहाला. "का?" त्यांनी विचारलं. दहाला सगळेच उघडतात, म्हणून मीही उघडत होतो. मला सकाळची झोप प्रिय आहे हे दुसरं कारण होतं, पण ते नव्या बाईमाणसाला कसं सांगणार.

तेव्हा दवाखान्याची वेळ सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ. सगळ्या डॉक्टरांची असते तीच. पाटीवर नाव, डिग्री, वेळ असं सगळं नीट लिहिलेलं होतं. नाव कोणी वाचलं असेल असं मला वाटत नाही, आसपासच्या गावांत त्या नुसत्या डॉक्टरबाई होत्या. पोपटी रंगाच्या स्कूटरवरून यायच्या. तो रंग इतका भडक होता की मी एकदा विचारलंही, की तुम्हाला दुसरी मिळाली नाही का. "ही लगेच मिळत होती," बाई म्हणाल्या. "बाकीच्या रंगांना थांबावं लागलं असतं."

पेशंटला बाई दोन प्रश्न विचारायच्या. "कधीपासून?" हा पहिला, तो सगळेच डॉक्टर विचारतात. दुसरा त्यांचा स्वतःचा होता, "मग आजच का आलात?" माणसं गोंधळायची. पण बाई उत्तर घेतल्याशिवाय सोडायच्या नाहीत, आणि उत्तरं मोठी मजेशीर असायची. उर्सेच्या टोलनाक्यावर काम करणारा एकजण म्हणाला, "आज पाळी बदलली, बाई." एका बंगल्यावर स्वयंपाक करणारी म्हणाली, "मालक मुंबईला गेल्यात." आजारी पडलो म्हणून आलो असं सांगणारा विरळाच. आजारी सगळे आधीपासूनच असायचे, मोकळे त्या दिवशी झालेले असायचे.

लोहगडवाडीची हिराबाई अशीच एके दिवशी आली. चाळिशीतली, काटक, तोंडाची फटकळ. लोणावळ्याकडच्या एका रिसॉर्टमध्ये खोल्या झाडायला, चादरी बदलायला जायची. वाडीतल्या आठदहा बायकांना घेऊन पहाटे एक जीप निघायची, भाजे, मळवली करत आमच्या फाट्यावर हायवेला लागायची आणि अंधार पडल्यावर त्यांना परत सोडायची. हिराबाईचं डोकं दोन महिने दुखत होतं.

"मग आजच का आलीस?" बाईंनी विचारलं.

"आज जीप बंद पडली न्हवं. कामाला जाता येईना, म्हनलं दवाखाना तरी करून घिऊ."

बाईंनी तिचं बीपी मोजलं. पट्टा सोडला, परत बांधला, परत मोजलं. मग गोळ्या लिहून दिल्या आणि दर पंधरा दिवसांनी यायचं म्हणून बजावलं. हिराबाई हसली. "पंधरा दिसांनी जीप बंद पाडू का, बाई?" ती गेल्यावर बाई माझ्या काउंटरपाशी येऊन उभ्या राहिल्या. पाय चालूच होता. म्हणाल्या, "मोहनराव, ती जीप आणखी दोन महिने नीट चालली असती तर?" मी म्हटलं, अहो आली ना, झालं तर मग. "माणूस येत नाही म्हणजे तो बरा आहे असं नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य पुढं इतक्यांदा ऐकलं की माझ्या बायकोलाही पाठ झालं. मी जेवायला उशीर केला की ती तेच म्हणायची.

त्यावर बाईंनी पहिला उपाय केला तो साफ चुकला. त्यांनी रविवारी दवाखाना उघडा ठेवला. पुण्याच्या माणसाला सुट्टी म्हटलं की रविवारच आठवणार. आम्ही दोघं सकाळपासून दुकानं उघडून बसलो. समोर हायवेवर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची ही रांग, कार्ल्याला जाणारे, लोहगडला जाणारे, आणि दवाखान्यात चिटपाखरू नाही. दुपारी बाईंनी खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि चक्क बसल्या. ही पहिली वेळ. समोर कणसं भाजणारी एक मावशी होती, ती शेवटी हात पुसत आली. "रविवारी कोन यायचं, बाई? रविवारी आमाला मरायलाबी येळ न्हाई. ह्यो धंद्याचा दिस. तुमी सकाळच्या पारी उगडा की, समदी हितनंच तर जात्यात."

बाई उठल्या त्या उठल्याच. दुसऱ्या दिवशी रंगारी बोलावला आणि पाटीवर जुन्या वेळांच्या वर लाल अक्षरांत लिहून घेतलं, सकाळी साडेपाच ते आठ. रविवार बंद. मी तावातावानं भांडलो. त्या वेळी फाट्यावरची कुत्रीसुद्धा झोपलेली असतात, असं मी म्हटलं. "मग तुम्ही त्यांच्याबरोबर झोपा," बाई म्हणाल्या. "मी चिठ्ठ्या लिहीन, पेशंट तुमचं शटर वाजवतील." पहिल्या आठवड्यात खरोखरच वाजवलं. लुंगी सावरत उठून गोळ्या द्यायच्या आणि मनातल्या मनात बाईंच्या नावानं बोटं मोडायची. पुढच्या आठवड्यात मुकाट्यानं पाच वाजताचा गजर लावला.

काय सांगू, ती पहाट म्हणजे जत्रा होती. दूध घालून परतणारे, कंपनीची बस पकडणारे, बंगल्यांवरच्या बायका. सगळ्यांचं एक पाऊल दारात आणि एक डोळा रस्त्यावर. बाईंना हे मानवलं. त्यांच्या वेगाची माणसं त्यांना तिथंच भेटली. "हं, पुढं?" म्हणायची वेळच यायची नाही. लोहगडवाडीची जीप सव्वासहाला यायची, दहा मिनिटं थांबायची. हिराबाई दर पंधरा दिवसांनी उतरायची, उभ्या उभ्या बीपी मोजून घ्यायची, माझ्याकडून गोळ्या घ्यायची आणि चालत्या जीपमध्ये चढायची. "डोकं दुखायला लागलं की त्याच दिवशी उतरायचं," बाई तिला दर वेळी बजावायच्या. "पंधरा दिवसांची वाट बघायची नाही." एकदा बाईंनी तिला पाटी दाखवून विचारलं, वेळ बरोबर आहे ना, का अजून लवकर उघडू? हिराबाई म्हणाली, "पाटी कोन वाचतंय? तुमची ती पोपटी गाडी दिसली का डायवरला थांब म्हनायचं. गाडी हाय म्हंजी बाई हायती." आम्ही हसलो. ऐकलं दोघांनी, मनावर कोणीच घेतलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला अजून बरं वाटत नाही.

आषाढातला दिवस. माझ्या मुलीची पुण्याला परीक्षा होती आणि मळवलीहून तिला सकाळची गाडी पकडायची होती. माझी मोटारसायकल पावसानं भिजून बसली होती, काही केल्या सुरू होईना. मी बाईंच्या दारात जाऊन म्हटलं, पंधरा मिनिटं स्कूटर नेऊ का? बाईंनी एका म्हाताऱ्याच्या छातीला नळी लावली होती. मान न वळवता किल्ली पुढं केली. दुकान बायकोवर टाकून मी निघालो. मुलीला गाडीत बसवून दिलं. घड्याळात पाहिलं तर पंधरा मिनिटं व्हायची होती. स्टेशनबाहेर टपरीवर गरम भजी निघत होती. मी स्कूटर लावली, एक प्लेट भजी घेतली, एक चहा घेतला आणि मग आणखी एक चहा घेतला. समोरून लोहगडवाडीची जीप गेली. मी हातसुद्धा केला.

फाट्यावर परत आलो तेव्हा बाई दारात उभ्या होत्या. "आज वाडीची जीप थांबली नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, उशीर झाला असेल त्यांना. आणि कोणी न विचारता पुढं म्हटलं, "मलाही मळवलीचं फाटक लागलं, म्हणून थांबावं लागलं." खोटं असं सहज तोंडातून निघतं. दिवसभर बाई आत-बाहेर करत होत्या. पेशंट नसला की दारात यायच्या, लोणावळ्याच्या दिशेनं बघायच्या. काय झालंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं, पण जिवाला चैन पडत नव्हती.

दुपारी रिसॉर्टवरून फोन आला. हिराबाई खोलीत चादर ओढता ओढता पडली. अंगावरून वारं गेलं. रिसॉर्टवाल्यांनी गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. बाईंनी फोन ठेवला, खुर्चीवरच्या वह्या जमिनीवर सारल्या आणि बसल्या. ही दुसरी वेळ. पाय हलत नव्हता.

हिराबाई वाचली. उजवा हात मात्र गेला आणि पाय ओढू लागला. घरी सोडल्यावर बाई तिला बघायला निघाल्या, मीही बरोबर गेलो. गेलो नसतो तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं, आता वाटत नाही. हिराबाई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं. बाईंनी तिचा तो हात हातात घेतला आणि विचारलं, "डोकं दुखत होतं?"

"आदल्या रातीपास्नं. लय."

"मग उतरली का नाहीस गं?"

"उतरनारच हुते. पन तुमची गाडी तर मळवलीत उभी. हे मेडिकलवालं भाऊबी तितंच चा पीत हुतं. म्हनलं दोगंबी हितं, मंग दवाखाना कसला उगडा असल. उद्या उतरू."

तिनं दोष म्हणून सांगितलं नाही, झालं ते सांगितलं. मी पायांकडे बघत बसलो. बाई माझ्याकडे बघतील, काहीतरी बोलतील, म्हणून मी वाट पाहत होतो. बोलल्या असत्या तर सुटलो असतो. त्यांनी पट्टा काढला आणि हिराबाईचं बीपी मोजलं. वाडीवरून खाली उतरताना भाजे गावापाशी म्हणाल्या, "पाटी मी दोनदा रंगवून घेतली, मोहनराव. वाचतं कोण ते बघितलंच नाही." सगळी चूक स्वतःच्या नावावर करून त्या मोकळ्या झाल्या आणि मला तसंच ठेवलं.

त्या दिवसापासून दवाखाना उघडा असताना स्कूटर जागची हलली नाही. कोणाच्या घरी जायचं झालं तर बाई रिक्षानं जायच्या, रिक्षा नसली तर पायी. एकदा त्यांच्या यजमानांना घाईनं स्टेशनवर सोडायचं होतं, तर त्यांनाही म्हणाल्या, "चालत जा, तब्येतीला बरं." स्कूटर बरोबर रस्त्याकडे तोंड करून उभी हवी, समोर कोणाचा टेम्पो लागायला नको. टेम्पो लागला की बाई स्वतः बाहेर येऊन हाकलायच्या. आणि दर मंगळवारी दुपारी दवाखाना बंद करून लोहगडवाडीला जायच्या, हिराबाईचं बीपी मोजायला. पुढं ती डाव्या हातानं जमेल त्या कामाला परत जीपनं जाऊ लागली, वाटेत दवाखान्यात उतरू लागली, तरी मंगळवार काही सुटला नाही.

असं सहा वर्षं चाललं. मग बाईंना खोकला लागला. मी दोनदा म्हटलं, बाई, दाखवून घ्या कोणाला तरी. "बघू," म्हणायच्या. वजन उतरलं, ब्लाउज ढिले दिसायला लागले, तेव्हा यजमानांनी आणि मी मिळून त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. गाडीत यजमान पुढं बसले आणि मी बाईंच्या शेजारी. मी विचारलं, "कधीपासून?" त्या म्हणाल्या, दिवाळीपासून. "मग आजच का आलात?" बाई हसल्या, हसता हसता खोकला आला. "आज रविवार," त्या म्हणाल्या. "आज कोणाची अडचण होत नाही."

तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी फाटक लागलं नव्हतं. मी नुसता चहा पीत बसलो होतो."

"मला माहीत आहे."

"हिराबाईनं सांगितलं तेव्हा कळलं ना तुम्हाला?"

"त्याच्या आधीच. तुमच्या शर्टावर भज्यांचं तेल होतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "सहा वर्षं लावलीत, मोहनराव. मग आजच का सांगितलंत?"

मी म्हटलं, "आज तुम्ही शेजारी बसलेल्या आहात. उठून जाता येत नाही तुम्हाला." बाईंनी माझ्या हातावर एक चापट मारली. एवढीच शिक्षा. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. भातकापणीच्या सुमाराला गेल्या. शेवटी शेवटी अंथरुणावरसुद्धा पांघरुणाखाली पाय हलत असायचा. तेराव्याला इतकी माणसं आली की यजमान भांबावून गेले. लोहगडवाडीची जीप दोन फेऱ्या करून गेली.

गाळा तीन महिने बंद होता. मग तळेगावची एक तरुण डॉक्टर आली. हुशार, गोड बोलणारी. तिनं नवी पाटी लावली, सकाळी दहा ते एक, संध्याकाळी पाच ते आठ. मी रोज तिच्या डोक्याशी भुणभुण लावली. साडेपाचला उघडून बघा, साडेपाचला उघडून बघा. सकाळच्या झोपेसाठी बाईंशी भांडलेला मी. शेवटी ती कंटाळून म्हणाली, बरं काका, एक आठवडा. सोमवार ते शनिवार ती पहाटे येऊन दिवा लावून बसली. कोणी आलं नाही. जीप रोज तशीच निघून गेली. मी हात केला तर आतून बायकांनी परत हात केला. शनिवारी डॉक्टर म्हणाली, "काका, गरज दिसत नाही हो इथं."

"माणूस येत नाही म्हणजे तो बरा आहे असं नाही," मी म्हटलं, आणि म्हणताना दारासमोर स्कूटर उभी असायची त्या जागेकडे माझं लक्ष गेलं. तिथं एक टेम्पो उभा होता. एवढी साधी गोष्ट, आणि ती मला कळायला पुन्हा एक आठवडा लागला. मीच तिथून ती स्कूटर एकदा हलवली होती, निदान मला तरी कळायला हवं होतं.

संध्याकाळी बाईंच्या घरी गेलो. स्कूटर पडवीत प्लास्टिकखाली होती. यजमानांनी किल्ली आणली, म्हणाले, "चालू होणार नाही ती आता."

"चालवायची नाहीये," मी म्हटलं. "उभी करायची आहे."

सोमवारी पहाटे टेम्पोवाल्याला उठवून टेम्पो हलवायला लावला. स्कूटर ढकलत आणली, फडक्यानं पुसली, रस्त्याकडे तोंड करून उभी केली. डॉक्टर दारात येऊन बघत होती, तिला काही कळेना. सव्वासहाला जीप आली, पुढं गेली, दहावीस हातांवर थांबली आणि मागं आली. मागच्या दारातून डाव्या हातानं दार धरून, पाय ओढत हिराबाई उतरली. तिच्या मागोमाग आणखी तिघी उतरल्या. हिराबाई काही बोलायच्या आधीच मी घाईघाईनं म्हणालो, "हिराबाई, बाई नाहीत. या नव्या डॉक्टर आहेत."

"ठावं हाय. बाईंस्नी पोचवाया मी न्हवते का?" तिनं स्कूटरच्या सीटवर डावा हात ठेवला आणि जरा टेकली. "गाडी दिसली, म्हनलं कुनीतरी हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आन भाऊ, तुमी आज चा पेला का न्हाई?"

मी म्हटलं, नाही.

"मंग ऱ्हाऊ द्या. पयला माज्या गोळ्या बगा."

आता रोज हेच. गाडी उभी करायची, शटर वर करायचं, आणि आठ वाजेपर्यंत चहा नाही.